घर खाली करण्याची नोटीस आली, तर काय करावं?

नोटीस घरमालक पाठवतो किंवा त्याचा वकील. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. "१५ दिवसांत घर सोडा" असं लिहिलं असलं, तरी सोळाव्या दिवशी कुणालाही तुमचं सामान बाहेर काढता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी मालकाला रीतसर कायद्याची पायरी चढावी लागते.

आधी पाकीट घ्या. परत पाठवलंत तर 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो आणि नोटीस मिळाली असंच सहसा धरलं जातं. मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ते नोटिशीला टाचून ठेवा.

मग तुमचा भाडेकरार बाहेर काढून बघा. पागडीचं (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेलं) किंवा जुन्या भाडेकराराचं घर असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. भाडं थकल्याची नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. तेवढ्यात थकबाकी भरून टाका, रोख नको, बँकेतून. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरता येतो. पुढचं भाडंही वेळेवर भरत राहिलात, तर निव्वळ थकबाकीवरून घर जात नाही. "घर मलाच हवंय" असं मालक म्हणत असेल, तर ती गरज त्याने सिद्ध करायची. जास्त हाल कुणाचे होतील, हेही कोर्ट पाहतं. म्हणून मुलांची शाळा, घरातलं आजारपण, दुसरं घर शोधल्याचे मेसेज, सगळं जपून ठेवा.

लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराचं, तसं नाही. मुदत संपल्यावर राहिलात, तर करारातल्या महिन्याच्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. सक्षम प्राधिकाऱ्याचं (अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं) समन्स आलं, तर ३० दिवसांत तुमची बाजू मांडणारं प्रतिज्ञापत्र द्या. नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. मुदत खरोखर संपली असेल, तर भांडत बसण्यापेक्षा घर सोडायला महिनाभराची सवलत आणि डिपॉझिट परत मिळण्याची तारीख लेखी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्याच. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर भाडेकरूला कोर्टात अर्ज करून ती पुन्हा सुरू करून घेता येते. कुलूपच बदललं, तर लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्या. ताबा परत मिळवण्याचा हा दावा ताबा गेल्यापासून ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो.