ग्लुकोमीटरचा आकडा दरवेळी वेगळा? मशीन बदलण्याआधी या चुका टाळा

एकाच बोटातून लागोपाठ दोनदा तपासलं, एकदा 148 आलं, एकदा 161. घरात लगेच निकाल लागतो, ‘मशीन बिघडलं.’ पण एवढा फरक नियमात बसतो. घरगुती मीटरसाठीच्या आयएसओ 15197 या 2013 च्या मानकात शुगर 100 किंवा जास्त असेल तर 15 टक्के आणि 100 च्या खाली 15 अंक इकडेतिकडे चालतात, तेही 100 पैकी 95 वेळा. खरी शुगर 150 असेल, तर 128 पासून 172 पर्यंतचा कुठलाही आकडा बरोबरच धरायचा.

फरक याहून मोठा असेल तर आधी बोट बघा. स्ट्रिपला लागणारं रक्त जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलिटर. आंबा चिरून हात नुसता पुसला, तर कातडीवर राहिलेल्या रसाने एवढ्याशा थेंबाचा आकडा कुठच्या कुठे जातो. स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर नीट निघत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका. पिळल्यावर रक्तात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा हात कोमट पाण्यात धरा, मिनिटभर खाली सोडा आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा. तिथे दुखतंही कमी.

मग स्ट्रिपची डबी. स्ट्रिपवरचं एन्झाइम दमट हवेत आणि उष्णतेत खराब होतं. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की संपलंच. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावा, उरलेल्या दुसऱ्या डबीत ओतू नका. गॅसजवळची फळी, न्हाणीघर, गाडीचा डॅशबोर्ड या जागा टाळा, फ्रिजही नको. डबी उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा, कारण बऱ्याच स्ट्रिप उघडल्यावर छापील मुदतीआधीच बाद होतात. जुन्या मीटरमध्ये कोड टाकावा लागतो. नवी डबी आणली की तो जुळवा.

लॅबशी तुलना करताना घोटाळा वेगळाच असतो. लॅब शिरेतलं रक्त घेते, मीटर बोटातलं. उपाशीपोटी दोन्ही जवळपास सारखे येतात, पण जेवणानंतर बोटातली शुगर बरीच जास्त असू शकते. शिवाय नमुना तसाच पडून राहिला तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. पडताळायचंच तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त काढतात त्याच वेळी बोट टोचा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर मीटर शुगर खरीपेक्षा जास्त दाखवू शकतं. डॉक्टरांना हे सांगाच. पोटाच्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिनचं (साखरेच्या साखळ्यांपासून बनलेला पदार्थ) द्रावण असेल तर काही प्रकारच्या स्ट्रिप धोकादायकरीत्या चुकीच्या ठरतात.

इंग्लंडहून कुणी मीटर आणलं आणि त्यावर 7.0 दिसलं तर घाबरू नका. तिथलं एकक वेगळं आहे, 18 ने गुणा, 126 येतील.

तरीही मीटरवरच शंका असेल तर कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे ठरावीक साखर असलेल्या तयार द्रावणाचा, थेंब स्ट्रिपवर टाका. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. आणि दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, म्हणजे शुगर घसरल्याची लक्षणं आहेत, पण मीटर 110 म्हणतंय? हात धुऊन नवी स्ट्रिप लावा. ते लगेच जमत नसेल तर आकड्याकडे न बघता 3 चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.