जेव्हीएम क्रॅश झालं की आधी काय बघायचं

हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) कोसळलं की प्रोसेस जिथून चालू होती त्या फोल्डरमध्ये 'एचएस_एरर_पीआयडी' (hs_err_pid आणि पुढे प्रोसेस क्रमांक) नावाची लॉग फाइल पडते. तिथे लिहायची परवानगी नसेल तर लिनक्सवर ती टेम्प फोल्डरमध्ये शोधा. जेव्हीएम कंटेनरमध्ये चालत असेल तर कंटेनर गेला की फाइलही जाते, म्हणून 'एररफाइल' पर्यायात बाहेरून जोडलेल्या व्हॉल्यूमचा पाथ आधीच देऊन ठेवा.

फाइल उघडल्यावर 'प्रॉब्लेमॅटिक फ्रेम' (कोसळताना कुठला कोड चालू होता ते सांगणारी) ही ओळ गाठा. फ्रेमच्या सुरुवातीला 'सी' असेल तर संशय नेटिव्ह लायब्ररीवर, म्हणजे जावाबाहेरच्या कोडवर. अशा वेळी 'चेक जेएनआय' (जावा आणि नेटिव्ह कोडमधल्या जोडणीची तपासणी) चालू करून पुन्हा चालवा. मोठा 'व्ही' म्हणजे खुद्द व्हीएमचा कोड. पण मेमरी आधीच एखाद्या लायब्ररीने खराब केलेली असू शकते, तेव्हा लगेच व्हीएमला दोष देऊ नका. मोठा 'जे' म्हणजे कंपाइल झालेली जावा मेथड. ती 'कंपाइलकमांड' पर्यायाने कंपाइल होण्यातून वगळून बघा. क्रॅश थांबला तर शंका जेआयटीवर (चालता चालता जावा कोड कंपाइल करणाऱ्या भागावर). सिगबस (मेमरी वाचता-लिहिताना झालेल्या चुकीचा सिग्नल) दिसला तर डिस्क भरली आहे का, तेही तपासा.

फाइलच सापडत नाही? एक्झिट कोड 137 असेल तर बहुधा कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरी कमी पडल्याने प्रोसेस मारली. 'डीमेसेज' (dmesg, कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चालवून बघा. सिगकिल (प्रोसेस तत्काळ संपवणारा सिग्नल) आल्यावर जेव्हीएमला एक अक्षरही लिहायला सवड मिळत नाही.

बग नोंदवताना पूर्ण लॉग, जेडीकेची (जावाच्या डेव्हलपमेंट किटची) नेमकी आवृत्ती आणि छोटा पुनरुत्पादक कोड द्या. मात्र लॉगमध्ये कमांड लाइन जशीच्या तशी छापलेली असते; तिथले पासवर्ड आधी खोडा.