परगावी धावायला निघालात? मग या चुका टाळा

दर वर्षी दिवाळी झाली की आमच्या धावण्याच्या ग्रुपमधलं कुणीतरी नवीन पोरगं हाच प्रश्न विचारतं. "काका, पुण्यात हाफ दोन तासांत झाली. मग मुंबईची फुल चार तासांत व्हायला हरकत नाही ना?" हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर; फुल म्हणजे पूर्ण, बेचाळीस. अंतर दुप्पट म्हणून वेळ दुप्पट, असा हिशेब. हरकत कुणाचीच नाही रे बाबा, पण होणार नाही. का होणार नाही हे मी वेताळ टेकडीवर धापा टाकत सांगितलंय, विद्यापीठाच्या गेटसमोर चहा पिताना सांगितलंय. आता लिहूनच टाकतो, घसा तरी वाचेल.

मी काही मोठा धावपटू नाही. बँकेत नोकरी केली, बेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलो आणि फुलचा माझा सर्वांत चांगला टायमिंग ४ तास २१ मिनिटं आहे. चुका मात्र अनेक राज्यांत जाऊन केल्यात.

घरचा पेस डब्यात भरून नेणे

माझी पहिली फुल मुंबईची. जानेवारीचा तिसरा रविवार. तयारी सगळी पुण्यात, डिसेंबरच्या कडाक्यात. पहाटे पाषाणला दहा-बारा अंश, कानटोपी घालून लाँग रन. बत्तीस किलोमीटर धावून आलो तरी टी-शर्ट जेमतेम ओला. किलोमीटरला सहा मिनिटं हा पेस असा अंगात मुरला होता की घड्याळ न बघता सांगावा.

मुंबईत सीएसएमटीच्या होल्डिंग एरियात उभा राहिलो तेव्हाच पाठ ओली होती. पळायला अजून सुरुवातसुद्धा नव्हती! तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण समोर ती प्रकाशात न्हालेली इमारत, ढोल, हजारो माणसं, आणि मी आलो पुण्याहून "४ तास १५ मिनिटं" ठरवून. पहिले दहा किलोमीटर मी ५:३५ च्या पेसनं मारले. मरीन ड्राइव्हवर अंधार होता, वारा होता, पाय आपोआप चालत होते. सी लिंकवर तर मी हात पसरून फोटो काढून घेतला. एरवी तिथे पायी जायला बंदी, म्हणून सगळेच काढतात. ते हसू नंतर उतरलं.

माहीम ओलांडलं, शिवाजी पार्क आलं आणि ऊन वर आलं. मुंबईत जानेवारीत थर्मामीटर फार चढत नाही, म्हणून लोक फसतात. खरा शत्रू दमटपणा. घाम येणं महत्त्वाचं नाही, घाम वाळणं महत्त्वाचं. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता बुटात गळत राहतो. मग शरीर थंड राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच पेसला ठोके पंधरा-वीसनं वाढतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा फक्त एवढंच कळलं की २९ व्या किलोमीटरला कुणीतरी माझ्या मांड्यांत सिमेंट ओतलं.

पेडर रोडचा चढ जाताना लागतो तेव्हा कळतही नाही. परतताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तोच रस्ता सिंहगड होतो. मी तो चालत चढलो. फुटपाथवर एक सात-आठ वर्षांचा मुलगा संत्र्याच्या फोडींचं ताट घेऊन उभा होता. फोडी सुकल्या होत्या. म्हणाला, "घ्या ना काका, सगळ्यांनी घेतल्या, तुम्हीच राहिलात." बिचारा प्रेमानं म्हणत होता. ५ तास ९ मिनिटं लागली त्या दिवशी.

आता माझी सवय सांगतो. हिला शास्त्र म्हणू नका. मुंबईत मी पुण्यापेक्षा किलोमीटरला वीस-पंचवीस सेकंद हळूच निघतो आणि पहिले आठ किलोमीटर घड्याळ बाहीखाली झाकून ठेवतो. शेजारच्याला पुण्याच्या ट्रॅफिकबद्दलची पूर्ण तक्रार, मध्ये श्वास न घेता, सांगता आली तर पेस बरोबर. नाही आली तर अजून हळू. पाण्याचा अर्धा ग्लास पोटात, अर्धा मानेवर. आणि सुरुवातीच्या गर्दीतून डावीकडून-उजवीकडून नागमोडी घुसत पुढे जायचं नाही. तुमचा टायमिंग बिबमधली, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरमधली, चिप सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावरच सुरू होतो, मग घाई कसली? नागमोडी धावून ४२.१९५ चे पावणेत्रेचाळीस होतात, आणि मग "मार्ग चुकीचा मोजलाय" म्हणून ओरडायला हेच पुढे. मार्ग बरोबर असतो. तुमचं घड्याळ उंच इमारतींखाली गोंधळतं आणि तुम्ही वळणं बाहेरून घेता.

चढाला भिणे, उताराला न भिणे

साताऱ्याची हिल हाफ ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी: पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गावाबाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट, कासच्या दिशेनं चढत राहायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. पावसाळ्याचे दिवस, धुकं, रिमझिम, हिरवागार घाट, रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवणारं गाव. २०१२ पासून होते. महाराष्ट्रात यापेक्षा देखणी शर्यत मी तरी धावलो नाही.

नवीन माणूस तीन महिने फक्त चढाची भीती घालून घेतो. आठवड्याला दोनदा टेकडी चढतो. उतरताना मात्र चालत, गप्पा मारत, मोबाइल बघत येतो. मीही तेच केलं होतं. साताऱ्याला चढ अगदी शिस्तीत चढलो, छोटी पावलं, नजर समोरच्याच्या बुटांवर. वर पोचल्यावर घड्याळ बघितलं तर ठरवल्यापेक्षा चार मिनिटं हातात. मग काय! उतार सुरू झाला आणि मी सुटलो. गेल्या तासाभरात ज्यांनी मला मागे टाकलं होतं त्या सगळ्यांना मागे टाकत, हात हवेत, अगदी शाळेच्या मैदानावरच्या पोरासारखा. साधारण सहा किलोमीटर मला वाटत होतं की मला धावता येतं.

मग मांड्यांची पुढची बाजू थरथरायला लागली. उतारावर तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. प्रत्येक पावलाला अंगाचा भार झेलायचा आणि थांबवायचा. यात दम लागत नाही, म्हणून काही होतंय हे कळत नाही. स्नायूच्या तंतूंना मात्र बारीक बारीक इजा होत असते. गावात सपाटी लागली तेव्हा माझे गुडघे वाकायला तयार नव्हते. शेवटचे दोन किलोमीटर मी परकार चालवल्यासारखा आलो. ज्यांना उतारावर मागे टाकलं होतं ते सगळे परत भेटले, एक जण तर "या, या" म्हणाला.

हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोक गाठतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मंगळवारी मी कठडा धरून, तोंड जिन्याकडे करून, उलटा उतरत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "काय हो, वर काही विसरलात का?"

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, ती जुनी, नव्वदेक किलोमीटरची, एका वर्षी डर्बनहून चढत जाते आणि एका वर्षी पीटरमारिट्झबर्गहून उतरत येते. आमच्यातले दोघे दोन्ही करून आलेत. पाय जास्त कशानं गेले, असं विचारलं तर दोघेही उतरणीचंच नाव घेतात.

तर उतरायचाही सराव करा. मी शर्यतीच्या आधी दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा बोपदेव घाट चढतो आणि धावतच उतरतो. पावलं छोटी, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे फेकायचा नाही. पहिल्या वेळी दुखेल, तिसऱ्या वेळी दुखणार नाही, कारण स्नायू हे शिकतो. शेवटचा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही. "काका, यासाठी जिममध्ये एखादं मशीन नाही का?" असेल. घाट फुकट आहे.

दुसऱ्याचा बिब

यावर मी चिडतो, आधीच सांगून ठेवतो. मित्राला जमत नाही म्हणून त्याच्या बिबवर धावणं ही लोकांना मैत्री वाटते. बिबमागे रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहायला जागा असते ती कशासाठी? तुम्ही छत्तिसाव्या किलोमीटरला आडवे झालात तर फोन मित्राच्या बायकोला जाणार आणि डॉक्टरांच्या हाती मित्राचं वय, मित्राचा आजार. एका शर्यतीत तर वयोगटाच्या बायकांच्या यादीत वर आलेलं नाव एका गृहस्थांचं निघालं, म्हणजे नाव बायकोचं, पाय ह्यांचे. खरी तिसरी आलेली बाई तोवर घरी गेली होती. पैसे बुडतात? बुडू देत.

बाकीच्या, पटापट

एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनात, घेतलेले बूट दुसऱ्या दिवशी पायात. यावर मी आता बोलतही नाही.

एक्स्पोतच आदल्या दिवशी चार तास हिंडणं. बिब घ्या, ओळखपत्र दाखवा, बाहेर पडा. भिंतीवर आपलं नाव शोधून फोटो काढायला पाच मिनिटं पुरतात.

कुठून सुटते ते न वाचणं. मुंबईची फुल सीएसएमटीवरून आणि हाफ माहीमहून सुटते गेली काही वर्षं. तरीही पहाटे साडेचारला सीएसएमटीच्या फलाटावर हाफचा बिब लावलेला एक भाबडा मला भेटलाच. रस्ते बंद, टॅक्सी नाही. त्याची हाफ तिथेच संपली.

कोलकात्याची डिसेंबरातली शर्यत २५ किलोमीटरची असते. हाफ करणाऱ्यांना वाटतं चारच तर जास्त. मलाही वाटलं होतं. डोक्याला एकवीसला थांबायची सवय लागलेली असते, ते चार किलोमीटर पायांपेक्षा डोक्याला जड जातात.

हैदराबादची ऑगस्टमध्ये. तिथल्या फ्लायओव्हरचा नकाशा बघून जा, ते चढच आहेत.

लेहला सप्टेंबरात धावायचं तर रजा काढा. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. मी आठ दिवस आधी गेलो, पहिले दोन दिवस फक्त झोपलो आणि बाजारात रमतगमत चाललो. आमच्यातला एक उत्साही गुरुवारी विमानानं उतरला, डॉक्टरला न विचारता डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेऊन, रविवारी धावायचं म्हणून. रविवारी तो हॉटेलात ऑक्सिजन लावून पडला होता आणि आम्ही त्याच्यासाठी सूप नेत होतो.

दिल्लीच्या हाफला २०१७ मध्ये हवा इतकी वाईट होती की डॉक्टरांच्या संघटनेनं ती पुढे ढकला म्हणून न्यायालय गाठलं होतं. दमा असेल तर नावनोंदणीचे पैसे गेले म्हणून धावू नका.

प्रत्येक टेबलावर पाणी पिणं. तहान नसताना नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं गरगरतं, उलट्या होतात, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं, अजून पितो. मी इलेक्ट्रॉल खिशात ठेवतो आणि तहान लागली की पितो. आपल्या आज्या लिंबू-मीठ-साखर द्यायच्या, तेच.

सुरुवातीलाच वेदनाशामक गोळी घेणं. अंगातलं पाणी कमी होत असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गोळी घेतल्याशिवाय धावता येत नसेल तर त्या रविवारी पोहे खा.

आदल्या रात्री त्या गावची प्रसिद्ध डिश. कोल्हापुरात मिसळ, हैदराबादेत बिर्याणी. शर्यत झाल्यावर दोन खा. मी आदल्या रात्री दहीभात खातो आणि हॉटेलवाल्याच्या नजरेकडे दुर्लक्ष करतो.

सोळा आठवड्यांची तयारी सहा आठवड्यांत बसवून देणारा कोच. असे कोच आहेत, कारण असे विद्यार्थी आहेत.

आणि परतीचं तिकीट. हे कुणीच सांगत नाही. हैदराबादहून परतताना मी वरच्या बर्थचं काढलं होतं. गळ्यात मेडल, कारण ते बॅगेत ठेवायला जीव होत नव्हता. शिडीवर एक पाय ठेवला आणि पोटरीत असा गोळा आला की मी तिथेच शिडीला मिठी मारून उभा. मागे माणसं खोळंबली. खालच्या बर्थवरच्या आजी, सत्तरीच्या तरी असतील, थोडा वेळ बघत राहिल्या. मग नऊवारी सावरत उठल्या, मला बाजूला केलं, "बसा तुम्ही खाली" म्हणाल्या आणि दोन पावलांत वर चढून गेल्या.