ऑनलाइन क्लास सोडून टीव्हीच्या न्यूजरूमला जॉइन होताय? मग जायच्या आधी एवढं करून ठेवा

पहिलं काम टायपिंगचं, बाकी सगळं नंतर. चार वर्षं आपण स्लाइडवर बोललोय, लिहिलंय किती? मी दहावीचा भूगोल आणि राज्यशास्त्र ऑनलाइन शिकवायचे, नोट्स टाइप करायच्या त्या मोबाइलवर बोलून नाहीतर इंग्लिश अक्षरांत मराठी मारून, आणि ते खपून जायचं कारण पीडीएफ कोणी उघडतच नव्हतं. न्यूजरूममध्ये बोलून टाइप करता येत नाही, आजूबाजूला तीस-चाळीस माणसं फोनवर ओरडत असतात आणि समोर भिंतीवर सगळी चॅनल्स एकदम चालू. तेव्हा नोटीस पिरियडमध्ये रोज अर्धा तास इनस्क्रिप्टला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रमाण मराठी कीबोर्डला बसा, आणि त्यातही बोटांना आधी एकच गोष्ट शिकवा, ती म्हणजे ऱ्य. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ असते ती की. शिफ्ट विसरलात की शेतकऱ्यांचं 'शेतकर्यांचं' होतं आणि ते टिकरवर, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर, गोल गोल फिरत बसतं, आणि कुठल्यातरी गावातून कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवतोच. माझं पहिल्याच आठवड्यात 'पायऱ्यांवर' चुकलं, तेही मंदिराच्या बातमीत. कोणी ओरडलं नाही. शिफ्ट इनचार्ज फक्त म्हणाले, "मॅडम, तुम्ही टीचर होतात ना?" पुरलं मला तेवढं.

कागदपत्रांचं लवकर उरकते. एचआर सॅलरी स्लिप मागणार आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे ती नसतेच, कारण ऑनलाइन क्लासवाले आपल्याला पगार कुठे देतात, प्रोफेशनल फी म्हणून पैसे सोडतात आणि टीडीएस कापतात. मग टीडीएसचं सर्टिफिकेट, 26 एएस (तुमच्या नावावर किती कर जमा झाला त्याचा उतारा), आणि जिथे ते पैसे जमा झालेत ते बँक स्टेटमेंट, हे तिन्ही एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. जुन्या ठिकाणाहून 'यांनी अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम केलं' एवढं दोन ओळींचं पत्र तरी घ्या, आणि ते पैसे थकलेले असतानाच घ्या, एकदा हिशोब मिटला की कोणी मेलला उत्तर देत नाही (माझे दोन महिन्यांचे अजून यायचेत, पत्र मात्र आलं). आणि ज्या वर्षी नोकरी बदलली त्या वर्षी तुमच्या नावावर फी पण असते आणि पगार पण, त्यामुळे रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर 1, चालत नाही, सीएला आधीच सांगून ठेवा.

आता खरं काम. रोज एक बातमी घ्या, पेपरमधली, आणि ती तीस सेकंदांत मोठ्याने वाचून होईल इतकी करा. स्टॉपवॉच लावूनच. मी माझ्या स्पीडने वाचलं तर तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात, अँकर थोडे जास्त शब्द घेते. साठ शब्द म्हणजे किती ते लिहायला बसल्यावर कळतं. आपल्याला सवय काय आहे, आधी व्याख्या, मग पार्श्वभूमी, मग उदाहरण, मग आपण मुद्द्यावर येतो, तोपर्यंत निम्मी मुलं कॅमेरा बंद करून जेवायला गेलेली असतात पण ते आपल्याला दिसत नाही. मी ट्रायलला कोयनेची बातमी लिहिली ती अशी सुरू झाली, "105.25 टीएमसी साठवण क्षमता असलेल्या कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात गेल्या दोन दिवसांपासून", आणि शेजारी बसलेल्या सीनियरने खुर्ची न वळवता विचारलं, "दरवाजे उघडले की नाही?" उघडले होते. माझ्या कॉपीत, म्हणजे लिहिलेल्या बातमीत, ते चौथ्या वाक्यात होतं. त्यांनी ते वर घेतलं, "कोयनेचे सहाही दरवाजे उघडले, कराड-पाटणमध्ये नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा", आणि पाणलोट क्षेत्र उडवलं. मला जरा लागलंच, पाणलोट क्षेत्र मी किती मन लावून शिकवलं होतं. पण दोन-तीन दिवसांनी कळलं की दरवाजातून फेसाळत येणारं पाणी स्क्रीनवर दिसतंय ना, मग ते मी शब्दांत परत कशाला सांगू. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवणारा शिक्षक आपल्यालाही आवडत नव्हताच की. म्हणून सरावाचा दुसरा भाग हा, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघा आणि चित्रात काय कळलं नाही तेवढंच लिहा. किती वाजता, कुठलं गाव, पुढे काय. तेवढंच.

आकड्यांची वेगळी तयारी लागते आणि इथे आपण शिकवणारे लोक जरा वरचढ आहोत, लाजू नका. टीएमसी म्हणजे धरणात साठलेलं पाणी आणि क्युसेक म्हणजे एका सेकंदात किती घनफूट सुटतंय ते, हे डेस्कवर रात्री अकराला सगळ्यांच्याच डोक्यात सरळ असतं असं नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, ते दिवसभरात सोडायचं तर साधारण साडेअकरा हजार क्युसेक लागतात, हा हिशोब मी एकदा कागदावर करून दाखवला आणि तेव्हापासून पुराची कॉपी माझ्याकडे येते, हा फायदा आहे की तोटा ते पावसाळा संपल्यावर सांगेन. असे आकडे एका वहीत उतरवून ठेवा, गूगल करायला वेळ नसतो. सांगलीचा आयर्विन पूल, इशारा पातळी 40 फूट आणि धोका 45. कोल्हापूरचा राजाराम बंधारा, 39 आणि 43. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान खात्याच्या भाषेत अतितीव्र पाऊस, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 पडला होता, दर जुलैमध्ये कोणीतरी हे विचारतंच. विधानसभा 288, बहुमत 145, विधान परिषद 78, लोकसभेच्या 48 जागा. हे आपण मुलांकडून पाठ करून घ्यायचो, आता आपली पाळी. आणि प्रॉम्प्टरवर, म्हणजे अँकर ज्यावर बघून वाचते त्या स्क्रीनवर, आकडे बोलतो तसे लिहायचे, 2.5 लाख नाही तर अडीच लाख, 1.5 कोटी नाही तर दीड कोटी, नाहीतर लाईव्हमध्ये अँकर "दोन पॉइंट पाच" म्हणून मोकळी होते आणि चूक तिची दिसते पण असते आपली. 'न्यायप्रविष्ट', 'तत्त्वतः' असले शब्दही आधी स्वतः तीनदा मोठ्याने म्हणून बघा, अडखळलात की बदला.

ढगफुटीवरून मात्र मी भांडले. तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे ढगफुटी, असं भूगोलात शिकवून आलेय मी, आणि इथे जरा जोरात सर आली की ढगफुटी. अर्धी जिंकले. आता 'ढगफुटीसदृश' लिहितात.

नकाशा भिंतीवर लावा, तालुक्यांचा. जिल्ह्यांचा नाही, 36 जिल्हे आपल्याला येतात. तालुक्यात एक सापळा असा आहे की तीच नावं परत परत येतात. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही, मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं, कळंब धाराशिवचं आणि यवतमाळचं, आष्टी बीडची आणि वर्ध्याची, शिरूर तर पुण्यात आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे आणि लातूरला शिरूर अनंतपाळ. आणि कर्जत. माझ्या तिसऱ्या दिवशी दुपारी स्ट्रिंगरचा, म्हणजे पगारावर नसलेल्या स्थानिक बातमीदाराचा, व्हॉट्सअ‍ॅप आला, कर्जतमध्ये वीज पडून जनावरं दगावली, मी डोंबिवलीची, माझ्यासाठी कर्जत म्हणजे लोकल जाते ते, मी बिनधास्त रायगड टाकून अ‍ॅस्टन (स्क्रीनवर खाली येते ती मजकुराची पट्टी) पाठवला आणि ग्राफिक्सवाल्याने नकाशावर कोकणात लाल ठिपका दिला. दीड-दोन मिनिटांत रायगडच्या रिपोर्टरचा असाइनमेंट डेस्कला फोन, "अहो मी कर्जतलाच आहे, इथे ऊन पडलंय." बातमी अहिल्यानगरमधल्या कर्जतची होती. तेव्हापासून कुठलंही गाव आलं की मी आधी पाठवणाऱ्याचा जिल्हा बघते मग गावाचं नाव वाचते. नवी नावं पण वहीत वर लिहून ठेवा, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, कारण जुन्या फाईल फुटेजवर जुनंच नाव असतं आणि हात आपोआप तेच टाइप करतो.

शब्दांचं म्हणाल तर दोन प्रकारचे शब्द शिकायचेत. एक न्यूजरूमचे, ते आठवडाभरात येतात, उगाच घाबरू नका. रिपोर्टर आणि फीड, म्हणजे बाहेरून येणारी दृश्यं, सांभाळणारं ते असाइनमेंट नाहीतर इनपुट, ते घेऊन बुलेटिन बनवणारं ते आऊटपुट, आपण बहुतेक तिथे बसतो. कुठली बातमी कितव्या नंबरला, किती सेकंद, ते रनडाऊन. कोणाचं कॅमेऱ्यावरचं नुसतं बोलणं ते बाईट, फोनवरून ते फोनो, रिपोर्टर कॅमेऱ्यात बघून बोलतो ते पीटीसी, चित्रावर चाललेला आवाज तो व्हीओ. पीसीआरमधून, म्हणजे बुलेटिन चालवतात त्या कंट्रोल रूममधून, "अ‍ॅस्टन कुठाय" अशी हाक आली की ती आपल्यासाठीच असते. संपली शिकवणी. दुसरे शब्द कायद्याचे, आणि हे घरून पक्के करूनच जा. आरोपी म्हणजे गुन्हेगार नाही. गुन्हा दाखल होणं वेगळं, अटक वेगळी, आरोपपत्र वेगळं, दोषी ठरणं त्याच्याही कितीतरी पुढे. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी एक नाही. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव द्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये मुलाचा पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, जेणेकरून ओळख पटेल असं काहीच चालत नाही. मोठ्यांसाठी आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम 72, आधी ते आयपीसीत 228 अ होतं. छोट्या गावात 'गावातल्या किराणा दुकानदाराच्या मुलीवर' लिहिलं की झालीच ओळख, नाव न लिहिता. आपण शिकवलेल्या मुलीच त्या वयाच्या असतात, त्यामुळे असली कॉपी हातात आली की मी पाणी पिऊन येते आणि मग लिहिते, दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ दे.

घरून काही सवयी टाकूनच निघा. "समजलं का" विचारायची सवय. एकच गोष्ट तीनदा सांगायची सवय. रात्री दहाला मुलांच्या शंकांना रिप्लाय द्यायची सवय तर पहिली, कारण आता तुम्ही दहाला झोपलेले पाहिजे. एक सवय मात्र बरोबर न्या, मागच्या बाकावरच्या पोराचं तोंड डोळ्यासमोर आणायची. शासनाचं परिपत्रक येतं, 'सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांना अनुज्ञेय रक्कम', सगळे ते उचलून तसंच चिकटवायला निघतात, आणि तुम्हाला तो पोरगा दिसतो, म्हणतोय, म्हणजे कोणाला किती मिळणार मॅडम? तेवढं विचारलंत तरी डेस्कवर तुमची जागा होते. आणि हो, इथे चॅटमध्ये कोणी थँक्यू मॅम लिहीत नाही. लोकांना आवडलं की नाही ते गुरुवारी कळतं, कुठलं चॅनल किती बघितलं गेलं ते मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात. गुरुवारी दुपारी रजा मागायला जाऊ नका, सोमवारी जा.

कपड्यांचं काही विशेष नाही, आपण कॅमेऱ्यात येत नाही, पण एसी असा असतो की जूनमध्ये पण शाल लागते, खुर्चीला एक अडकवूनच ठेवा. ऑनलाइनला वर कुर्ता खाली नाइट पँट चालायचं ते बंद, एवढंच. डबा कोरडा न्या, रसाची भाजी कीबोर्डशेजारी नको, ब्रेकिंग आलं की डबा तसाच उघडा राहतो आणि दोन तासांनी तेच थंड खायचं असतं. मी पोळीचे रोल नेते.

झोपेची तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा, ही मी केली नाही आणि भोगलं. सकाळची शिफ्ट पाचला सुरू होते म्हणजे सहाचं बुलेटिन त्या शिफ्टच्या हातात असतं, आणि शिफ्ट दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला फिरते, त्यामुळे शरीराला सवय लागेपर्यंत ती बदललेली असते. घरच्यांना रोस्टरचा फोटो पाठवून ठेवा, फ्रिजवर चिकटवा, नाहीतर तुम्ही दुपारी झोपलेले असताना सासूबाई पाहुण्यांना घेऊन खोलीत येतात. बायकांनी जॉइन होतानाच गाडीचं विचारून घ्या, लाजायचं काही नाही, महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला बोलवायचं तर तिची संमती लागते आणि ने-आण करायची जबाबदारी कंपनीची असते. पिकअप कुठून, वाटेत किती जणी, ड्रायव्हरचा नंबर कोण देणार, हे आदल्या दिवशी संध्याकाळीच. माझी गाडी पावणेचारला बिल्डिंगखाली येते, पुढे ठाण्याला आणि मुलुंडला एकेक जण घ्यायचा असतो म्हणून ड्रायव्हरदादा पाच मिनिटांच्या वर थांबत नाहीत, लिफ्ट त्या वेळेला बंद असते, तेव्हा बॅग, शाल, आयकार्ड आणि चपला रात्रीच दाराशी काढून ठेवायच्या, आणि अलार्म दोन लावायचे, दुसरा स्वयंपाकघरात.