खापरपणजोबांचं नाव कागदात कसं शोधायचं (सातारा-सांगलीकरांसाठी)

वंशावळ काढायची म्हटलं की कुणीतरी सांगतंच, इंग्रजांची खानेसुमारी बघा. नका बघू. १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती झाली, पण घरोघरचे तक्ते कुणी जपले नाहीत, छापील आकडे मिळतील, नाव मिळायचं नाही. लग्नाची सरकारी नोंदही आपल्याकडं तेव्हा नसायची. त्यापेक्षा भावकीचा हेळवी, म्हणजे पिढ्यांची नावं सांगणारा माणूस, कोण ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, तो पिढ्या वाचायला लागला की मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या.

मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक मागा. जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या सगळ्या मोडीत.

खरी गोची इथं आहे. आडनाव शोधत बसू नका, बऱ्याचदा ते लिहिलेलंच नसतं. ‘राणू बिन येसू’ एवढंच असतं, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा आणि बाईच्या नावापुढं ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. जन्माच्या नोंदीत तर कित्येकदा बाळाचं नावही नसतं, नुसतं बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळं वाचणारा चांगलाच लागतो. आणि त्याला आधी ‘आमचे येसू शोधा’ असं अजिबात सांगू नका, सांगितलं की प्रत्येक ओळीत येसूच दिसायला लागतो. ओळ न् ओळ जशीच्या तशी देवनागरीत उतरवून मागा, सारांश नको.

तरी एकाच भावकीत तीन राणू निघतात, आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीतच आहे ना. आपला कुठला ते जमीन सांगते. आजच्या सातबाऱ्यावरून मागं जात जुने वारस फेरफार काढा, त्यात सगळ्या भावांची नावं एका जागी येतात. गट नंबर जमिनीच्या एकत्रीकरणानंतरचा असतो, जुना सर्व्हे नंबर पाहिजे तर त्या एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) उतारा घ्या. कागदावर फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, असला तर इसवी सनासाठी ५९० मिळवा, १२९५ म्हणजे १८८५. जमीन आणि बापाचं नाव दोन्ही जुळल्याशिवाय वंशावळीत नाव चढवू नका, कितीही घाई असू दे.

फौजेतले असतील तर एकोणिसाव्या शतकातल्या साध्या शिपायाचे कागद फार कमी मिळतात. पण १८९० च्या आसपास जन्मून पहिल्या महायुद्धात पडले असतील तर युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर शोधा, अपशिंग्यासारख्या गावात तर स्मारकच आहे. साईटवर काही नोंदींत बापाचं आणि गावाचं नाव असतं, ते कोतवाल बुकाशी लावून बघा, स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हेनं टाकून बघावं लागतं.