जुन्या स्टीलच्या सायकलसाठी हँडल निवडताना

दिसायला आवडलं म्हणून हँडल घेऊ नका. आधी स्टेमच्या (हँडल सायकलला जोडणाऱ्या दांड्याच्या) पकडीत बसणाऱ्या भागाचा व्यास कॅलिपरने मोजा. जुन्या सायकलींवर तो बहुधा 25.4 मिमी असतो, काही इटालियन बनावटीच्या स्टेमवर 26 मिमी. हल्लीची 31.8 मिमीची हँडलं त्यात बसणारच नाहीत. आणि 26 च्या स्टेममध्ये 25.4 चं हँडल आवळून बसवायचा मोह टाळाच. धक्का बसला की ते फिरतं.

मनगटं दुखत असतील तर माझं मत मागे वळलेल्या हँडलला. त्यावर तळवे एकमेकांकडे वळतात, मनगट पिळलं जात नाही. मात्र मुठी अंगाजवळ येतात, म्हणून वळण घेताना त्या गुडघ्याला लागत नाहीत ना, हे पाहा. लागत असतील तर स्टेम थोडा लांब घ्या. उंचीसाठी जुना क्विल स्टेम, म्हणजे सायकलच्या पुढच्या नळीत आत शिरणारा स्टेम, वर ओढता येतो, पण त्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसता कामा नये.

ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं) काढून सरळ किंवा मागे वळलेलं बसवणार असाल, तर ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतात: ड्रॉप हँडलची नळी 23.8 मिमी जाड असते, या दोन्हींची 22.2. केबलही लांब लागू शकते.