लाळ, कॉर्नफ्लोअर, आयोडीन आणि लिंबाने केलेला घोळ

आम्लाने एन्झाइमचं (शरीरातल्या पचनासारख्या क्रिया झटपट घडवणारं प्रथिन, पुस्तकात विकर म्हणतात) काम कसं बिघडतं हे मुलांना दाखवायचं असेल तर सगळं स्वयंपाकघरातच मिळतं, फक्त मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा आणि ते पाण्यात फिकट चहाएवढं पातळ करा.

अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून कपभर उकळत्या पाण्यात ओता, ढवळा आणि पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई नको, कारण गरम पेजेत स्टार्चमुळे येणारा आयोडीनचा निळा रंग धरतच नाही आणि आपल्याला वाटतं स्टार्च संपला. तोवर खळखळून चूळ भरा, एक चमचा लाळ वाटीत घ्या, तेवढंच पाणी घाला. किळस वाटेल, वाटू दे, पण ज्याची लाळ त्यानेच हाताळायची.

आता तीन वाट्यांत चार-चार चमचे पेज. एक साधी, दुसरीत अर्धा चमचा पांढरं व्हिनेगर, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा (धुण्याचा नको, त्यात आयोडीनचा रंग आपोआप उडतो). प्रत्येकीत अर्धा चमचा लाळ घालून ढवळा आणि घड्याळ लावा. पांढऱ्या बशीत आयोडीनचे थेंब मांडून ठेवा आणि दर मिनिटाला प्रत्येक वाटीतला एक थेंब त्यावर टाका. आधी निळा-काळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचाच पिवळट रंग राहिला की स्टार्च संपला. साध्या वाटीत हे होतं, व्हिनेगरची वाटी मात्र काळीच्या काळी, कारण लाळेतल्या अमायलेजला (स्टार्च तोडणारं एन्झाइम ते हेच) सामू म्हणजे पीएच, आम्लतेचं माप, ६.७ ते ७ च्या आसपास लागतो. पोटातलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम पेप्सिन याच्या उलट, त्याला १.५ ते २ लागतो.

व्हिनेगरच का? आम्ही आधी लिंबू पिळलं होतं, त्या वाटीतला रंग क्षणात गायब, आणि पोरं ओरडायला लागली की आम्लाने एन्झाइम जोरात चालतं!! मला शंका आली म्हणून लाळ न घालता केलं तर तेच. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं, एन्झाइमचा काही संबंध नाही. तेव्हापासून प्रत्येक वाटीची बिनलाळेची जोडवाटी ठेवतोच, तुम्हीही ठेवा.

तापमानाचं बघायचं तर साधी पेज आणि लाळ घेऊन एक वाटी बर्फात, एक कोमट म्हणजे ३७ अंशांच्या पाण्यात, आणि एकीत आधी उकळून गार केलेली लाळ. बर्फातली थंडावते, पण बाहेर काढून कोमट केली की परत कामाला लागते. उकळलेली कितीही वेळ थांबा, ढिम्म. तिच्या प्रथिनाची घडीच मोडलेली असते.

ओट्यावर आयोडीनचे डाग पडतीलच. त्यावर ते उरलेलं लिंबू चोळा.